बोडिल क्विस्टच्या जाड-बारीक रेषा

डेन्मार्कमधल्या आमच्या वायलेच्या ऑफिसात कुणी गाढवपणा केला की त्यानं शुक्रवारी केक आणायचा. हा नियम कुणी काढला ते आता कुणालाच आठवत नाही. चूक केवढी हे कुणी बघत नाही. नगरपालिकेला भलताच नकाशा गेला तरी केक, आणि शेवटी निघणाऱ्यानं कॉफीचं यंत्र बंद केलं नाही तरी केक. सकाळी सगळे लांब टेबलाभोवती जमतात, ज्याचा केक त्यानं उभं राहून आपला गाढवपणा सविस्तर सांगायचा आणि बाकीच्यांनी खाता खाता त्याची सालटी काढायची. केकला चांगलं म्हणायचं नाही, एवढा एकच शिष्टाचार. फारच चांगला झाला असेल तर "पुढच्या वेळी अख्खा जिना विसर, म्हणजे याहून मोठा मिळेल," असं म्हणून दुसरा तुकडा उचलायचा. मी स्वतः इतके केक आणलेत की माझ्या शेजारणीला मी बेकरीत कामाला आहे असं वाटतं.

बोडिल क्विस्ट याच टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसायची. ती आमची नकाशे काढणारी. आम्ही आर्किटेक्ट मंडळी घर कसं असावं यावर भांडायचो, आणि ते भांडण मिटलं की कागदावर जे उतरायचं ते बोडिलच्या हाताखालून उतरायचं. उंच, हाडकुळी बाई. पांढरे केस पोरासारखे कापलेले, गळ्यात दोन चष्मे, एक स्क्रीनचा आणि एक कागदाचा. बारा महिने सायकलनं यायची, सकाळी सातला हजर, दुपारी तीनला चालू पडायची. डब्यात रोज तोच राईचा काळा ब्रेड, लिव्हरची पेस्ट आणि वर बिटाचं लोणचं. मी तिला एकदा म्हटलं, "अगं, कधी काही वेगळं खा की!" तर म्हणाली, "तू तुझ्या नकाशात एकदा काही सारखं ठेव, मग मी वेगळं खाईन." तिचं बोलणं हे असं होतं.

सतराव्या वर्षी ती या धंद्यात शिकाऊ म्हणून लागली. तेव्हा पारदर्शक कागदावर शाईच्या पेनांनी काढायचे. प्रत्येक जाडीचं पेन वेगळं. सगळ्यात बारीक पेन थंडीत हमखास तुंबायचं, ते कानाशी धरून हलवायचं, आतली तार खुळखुळली तर जिवंत आहे असं समजायचं. चुकलं तर दाढीच्या पात्यानं शाई खरवडायची, आणि जास्त खरवडलं तर कागदाला भोक पडायचं. असल्या भोकांपायी बोडिलनंही केक आणलेत आणि शिव्या खाल्ल्यात. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट सगळ्यात जास्त हसायची तीच.

रेषांचं तिचं शास्त्र ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची. मलाही सांगितलं होतं. "घर कमरेएवढ्या उंचीवर आडवं कापलंय असं समज. सुरी जिथून गेली ती रेषा जाड. सुरीच्या खाली जे नुसतं दिसतंय ते मध्यम. आणि जे घरात नाहीच, आपण आपल्या सोयीसाठी लिहिलंय, मापं, बाण, फरशीच्या चौकटी, ते सगळं बारीक. एवढंच आहे. एवढंही ज्याला जमत नाही त्यानं चित्रं काढावीत."

ऐकायला सोपं आहे. पण नकाशावर सगळ्या रेषा सारख्याच जाडीच्या आल्या की काय होतं ते साइटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. गवंडी कागद उभा धरतो, आडवा धरतो, आणि विचारतो, ही भिंत आहे की फरशीतली खाच? मग त्याला समजावत बसा भर पावसात.

शाईची पेनं गेली आणि कॉम्प्युटर आले. काळ्या पडद्यावर रंगीत रेषा असायच्या आणि रंगावरून जाडी ठरायची. लाल म्हणजे बारीक, पिवळी म्हणजे मध्यम, निळी म्हणजे जाड. कुठला रंग किती जाड हे बोडिलनं बसवलं. मग तेही गेलं आणि मॉडेलचं सॉफ्टवेअर आलं. त्यात रेषा काढायचीच नसते. भिंत उभी करायची, खिडकी बसवायची, अख्खं घर स्क्रीनवर बांधायचं आणि नकाशा त्यातून आपोआप पाडायचा. रेषांच्या जाडीला नुसते आकडे, एक ते सोळा, आणि एकच आकडा मोठ्या नकाशात एका जाडीचा, छोट्या नकाशात दुसऱ्या. त्याचं कोष्टक कुणीतरी बसवावं लागतं, आणि ते टेम्प्लेटमध्ये, म्हणजे सगळ्या नकाशांच्या मूळ साच्यात, एकदा नीट बसलं की पुढची सगळी घरं त्याच कोष्टकानं छापली जातात. बोडिलनं त्या वर्षीचा अख्खा हिवाळा त्या कोष्टकापायी घालवला. चाचणीचे कागद छापायची, ऑफिसातल्या बोळाच्या भिंतीवर लावायची, लांब जाऊन डोळे बारीक करून बघायची. बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायची. "डोळे मिचकाव. आता काय दिसतंय?"

"भिंती दिसतायत."

"आणि फरशी?"

"पुसट."

"शाब्बास. जा आता."

पोस्टमनसुद्धा त्यातून सुटला नाही.

तिचा दुसरा नियम पहिल्याहून कडक होता. एखाद्या नकाशात एखादी रेषा बारीक आली, तर तेवढीच तिथल्या तिथं हातानं जाड करायची नाही. मुळाशी जायचं, टेम्प्लेटमध्ये चूक शोधायची, तिथं दुरुस्त करायची. कारण हातानं केलेलं तेवढ्याच कागदावर राहतं. तीच भिंत दुसऱ्या कागदावर बारीकच येते, आणि मग बांधणाऱ्याला वाटतं या दोन निरनिराळ्या भिंती आहेत, एक ठेवायची आणि एक पाडायची. मी एकदा घाईत असं केलं होतं. बोडिल माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"रिक्के, ही रेषा कुणी जाड केली?"

"मी. नुसती एकच तर आहे."

"एकच? पुन्हा केलंस तर हात कलम करीन. आणि शुक्रवारी खोबऱ्याचा आण, मागचा तुझा सफरचंदाचा घशाखाली उतरत नव्हता."

हे सगळं मी सांगतेय कारण पुढचं त्याशिवाय समजायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचं ऑफिस कोपनहेगनच्या एका मोठ्या ऑफिसात विलीन झालं. विलीन हा त्यांचा शब्द. आमचा साहेब येप्पे, जो मुळात चांगला माणूस आहे आणि त्यामुळेच साहेब म्हणून जरा कच्चा आहे, त्यानं सगळ्यांना टेबलाशी बोलावून सांगितलं की काही बदलणार नाही. तेव्हाच मी ओळखलं की सगळं बदलणार. ऑगस्टमध्ये त्यांचं टेम्प्लेट आलं. कोपनहेगनवाल्यांच्या रेषा सगळ्या बारीक, डाएटवर असल्यासारख्या. दिसायला फार देखणं, मासिकात छापायला उत्तम. आणि आकड्यांची जाडी सगळी वेगळी. आमचा पाच म्हणजे कापलेली भिंत, ठसठशीत. त्यांचा पाच म्हणजे टेबलखुर्ची. वर आणखी ते टेम्प्लेट कुलूपबंद. त्यात टिंब बदलायचं झालं तरी कोपनहेगनला विनंती पाठवायची, कारण लिहायचं, आणि तिथल्या कुणीतरी हो म्हणेपर्यंत थांबायचं.

बोडिल तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. मी तिला विचारलं, "कसं वाटतंय नवं?"

ती चष्मा काढून डोळे चोळत होती. "चौथ्यांदा संसार मांडायचा," ती म्हणाली. "तोही भाड्याच्या घरात. खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा."

"मग विचार की. त्यात काय?"

"काही नाही त्यात," ती म्हणाली आणि चष्मा लावून पुन्हा स्क्रीनकडे वळली.

डोळे तिचे ठीक होते. तब्येतही ठणठणीत. मी आता विचार करते तेव्हा मला एवढंच वाटतं की ती दमली होती. माणूस पहिल्यांदा सगळं नव्यानं शिकतो तेव्हा हुरूप असतो, दुसऱ्यांदा जिद्द असते, तिसऱ्यांदा सवय असते. चौथ्यांदा काय असतं ते मला माहीत नाही, आणि माझ्यावर ती पाळी येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

नेमकी त्याच महिन्यात माझी रवानगी साइटवर झाली. जवळच्या गावात एका जुन्या डेअरीचं वाचनालय करायचं होतं. अर्ध्या भिंती ठेवायच्या, अर्ध्या पाडायच्या, त्यामुळे रोज कुणीतरी तिथं हवं होतं. मी पत्र्याच्या खोलीत बसायची, पायांत दोन-दोन मोजे, आणि दर सोमवारी बोडिलचे नकाशे यायचे. नकाशे बघून मला बरं वाटायचं. ठेवायच्या भिंती ठसठशीत, पाडायच्या बारीक तुटक, मापं हलकी. कोपनहेगनच्या त्या कुपोषित टेम्प्लेटमधून हे तिनं कसं काढलं असेल याचं नवल वाटायचं, पण बोडिलचं नवल वाटायचं मी कधीच सोडून दिलं होतं. सुतार मला म्हणाला, "तुमच्या त्या म्हातारीला सांग, तुमचे नकाशे वाचायला चष्मा लागत नाही." मी ते तिला फोन करून सांगितलंही.

ऑफिसात मी फक्त शुक्रवारी यायची, केकपुरती. त्या हिवाळ्यात केक भरपूर झाले. नव्या टेम्प्लेटनं सगळ्यांना गाढव केलं होतं. येप्पेचे दोन झाले, माझा साइटवरून येऊन एक. एस्बेनचा एक. एस्बेन म्हणजे बोडिलच्या शेजारच्या टेबलावरचा, चाळिशीचा, लाजाळू, मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्यात सगळ्यात हुशार. बोडिलचा मात्र एकही नाही.

"ऑगस्टपासून एकही नाही," एका शुक्रवारी ती बोटं चाटत म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडी धुगधुगी होती. "चौथं सॉफ्टवेअर म्हणा, टेम्प्लेट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. म्हातारी अजून गाढव झालेली नाही."

"होशील, होशील," मी म्हटलं. "आम्ही वाट बघतोय. मी तर भूक राखून ठेवलीय."

बोडिल हसली. बाकी कुणी हसलं नाही. एस्बेन आपल्या कपात बघत होता आणि येप्पेनं एकदम हवेचा विषय काढला. मला वाटलं, सकाळी काही भांडण झालं असेल.

झालं होतं ते असं. हे मला नंतर कळलं, थोडं एस्बेनकडून, बरंचसं बोडिलकडून. बोडिलची बोटं जुनेच आकडे टाइप करत होती. भिंतीला पाच द्यायची आणि भिंत टेबलखुर्चीच्या जाडीची यायची. मुळाशी जायचं तर टेम्प्लेटला कुलूप. कोपनहेगनला विनंती लिहायची तर तिनं लिहायची, जिनं अख्ख्या ऑफिसच्या रेषा तीन वेळा बसवल्या होत्या, आणि तिकडच्या कुणीतरी ती मंजूर करायची. तिनं एकदा लिहिली. उत्तर आलं की यामागचं कारण अधिक स्पष्ट करावं. त्यानंतर तिनं लिहिली नाही. ती रेषा हातानं जाड करू लागली. एकेक, एकेका कागदावर. जे केलं तर आमचे हात कलम करणार होती, तेच.

पहिल्याच महिन्यात दुसऱ्या एका साइटच्या ठेकेदाराचा येप्पेला फोन आला. एकच भिंत एका कागदावर जाड आणि दुसऱ्यावर बारीक, पाडायची की ठेवायची? येप्पेनं तो फोन आपल्यापाशीच ठेवला. एस्बेनला आत बोलावलं आणि सांगितलं, ती तीनला जाते, त्यानंतर तिच्या नकाशांवरून एक हात फिरवत जा. हातानं केलेलं काढ, नीट बसव, मग पाठव. तिला काही बोलू नकोस. नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत तिची, कशाला दुखवायचं? हळूहळू ते सगळ्या ऑफिसला माहीत झालं. मला सोडून, कारण मी साइटवर होते, आणि बोडिलला सोडून.

फेब्रुवारीत एका गुरुवारी ती सकाळी दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि कामावर दुपारी आली. अर्धा गाल बधिर, गळ्यात मफलर. एस्बेनला ती सुट्टीवर असेल असं वाटलं होतं. त्याच्या स्क्रीनवर तिचा नकाशा उघडा होता. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि बघत राहिली. तिनं काल जाड केलेल्या रेषा तो एकेक करून मोकळ्या करत होता आणि मग योग्य जागी जाऊन योग्य आकडा देत होता. त्याचं सगळं बरोबर चाललं होतं, बोडिल म्हणाली. तिला सांगायला काही जागाच नव्हती.

"माझ्या नकाशात काय करतोयस?"

एस्बेन दचकला. "काही नाही. प्रिंट काढत होतो."

"एस्बेन."

तो कानापर्यंत लाल झाला. त्याला खोटं बोलता येत नाही, ते त्याच्या रक्तात नाही.

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून. म्हणजे, सप्टेंबर म्हण."

"रोज?"

"जवळजवळ."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

 बोडिलनं मान वर करून ऑफिसभर नजर फिरवली. जो तो आपापल्या स्क्रीनमध्ये शिरून बसला होता. ती मला नंतर म्हणाली, "रिक्के, माझी चूक निघाली याचा मला राग आला नाही. चूक केली होती मी. मला आठवायला लागलं ते वेगळंच. ऑगस्टपासून मी टेबलाशी काय काय बोलले, ते सगळं. म्हातारी अजून गाढव झाली नाही म्हणाले. आणि तुम्ही सगळे ऐकत होता." मी म्हटलं, मी नव्हते त्यांच्यात. ती म्हणाली, "हो, तू नव्हतीस."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी साइटवरून आले, बूट दाराशी काढले, तर टेबलावर भला मोठा केक, काही तुकडे आधीच वाढलेले. वर भाजलेलं खोबरं आणि तपकिरी साखरेचा जाड थर, कडा किंचित करपलेल्या, जसा हवा तसा. इस्त्री केलेला टेबलक्लॉथ. एवढी टापटीप आमच्यात एकटीच करते, त्यावरूनच मी ओळखलं.

"बोडिल! अखेर?" मी टाळ्या वाजवल्या. "कुठं शेण खाल्लंस सांग लवकर, मी नाश्ता केलेला नाही!"

बोडिल उभी राहिली. नियमाप्रमाणे. हात पाठीमागे बांधलेले, गाल अजून थोडा सुजलेला.

"माझा गाढवपणा असा," ती म्हणाली. "टेम्प्लेटबद्दल पुन्हा विचारायची मला लाज वाटली. म्हणून मी रेषा हातानं जाड करत बसले. ऑगस्टपासून. आणि एस्बेन रोज दुपारी ते निस्तरत बसला. हा केक त्या सगळ्यांचा मिळून आहे. वेगवेगळे भाजले असते तर माझी भट्टी गेली असती."

शेवटचं वाक्य चांगलं होतं. त्यावर हशा पिकायला हवा होता. ती त्यासाठी क्षणभर थांबलीही.

माझ्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं. मला फक्त इतकं दिसलं की बोडिल अखेर सापडली, आणि तीही नेमकी त्याच पापात. आयुष्यात अशी संधी एकदाच येते. "अगं बये!" मी ओरडले. "माझे हात कलम करायला निघालेली ती तूच ना? आण ती कुऱ्हाड! पण थांब, तुझे हात तोडले तर उरलेला केक कोण कापणार?"

बोडिलचा चेहरा एकदम उघडला. खरंच सांगते, वर्षभरात मी तिला तशी बघितली नव्हती. तिचं उत्तर ओठांवर आलं होतं, मला ते येताना दिसत होतं, आणि ते जबरदस्त असणार होतं.

"रिक्के, पुरे," येप्पे हळूच म्हणाला.

टेबलाखालून कुणीतरी माझ्या पायाला पाय लावला. मी वर बघितलं. सगळे ताटलीत बघत होते. दवाखान्यात भेटायला गेल्यावर माणसं बसतात ना, गुडघे जुळवून, तशी बसली होती. तेव्हा मला उमगलं की मला सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक आहे.

बोडिलनंही ते बघितलं. तिच्या ओठांवरचं उत्तर तसंच परत गेलं.

"केक सुंदर झालाय, बोडिल," येप्पे म्हणाला.

"खरंच. किती मऊ आहे," दुसरं कुणीतरी म्हणालं. "खोबरं कसं भाजतेस गं?"

"एस्बेन," बोडिल म्हणाली. ती अजून उभीच होती. "तू बोल काहीतरी. दुपारी तुझ्या गेल्या."

एस्बेननं काटा खाली ठेवला. बिचाऱ्यानं मनापासून प्रयत्न केला. "असू दे गं," तो म्हणाला. "त्यात काय एवढं? कुणाकडूनही होतं असं."

"कुणाकडूनही झालं तर त्याला तुम्ही फाडून खाता," बोडिल म्हणाली.

 बोडिलनं सुरी उचलली आणि ज्यांना मिळाला नव्हता त्यांना तुकडे कापून दिले. सगळ्यांनी आभार मानले. केक अगदी संपूर्ण संपला, कुणी एक कणही ठेवला नाही, आणि मग सगळे खुर्च्या न वाजवता उठले.

ती सरळ येप्पेच्या काचेच्या खोलीत गेली. दार लावलं तरी आतलं दिसतं. येप्पे बराच वेळ हातवारे करत होता. उन्हाळ्यापर्यंत तरी थांब, म्हणत होता, हे नंतर कळलं. मोठा समारंभ करू, जुन्या लोकांना बोलावू, कोपनहेगनहूनही कुणीतरी येईल भाषणाला. बोडिल ऐकत होती. मग उठली, त्याच्या खांद्यावर थोपटलं, जसं त्याचंच काहीतरी वाईट झालं होतं, आणि बाहेर आली. पुढच्या महिन्याअखेरीस ती नोकरी सोडून जाणार होती. तीनला नेहमीप्रमाणे तिनं दोन्ही चष्मे पिशवीत टाकले आणि निघाली.

मी मागोमाग खाली गेले. सायकली लावायच्या छपराखाली ती कुलूप काढत होती. पाऊस असा नव्हता, नुसती झिमझिम, फ्योर्डच्या खाडीवरून येते ती.

"बोडिल, मूर्खपणा करू नकोस," मी म्हटलं. "त्यांना तुझ्याशी चांगलं वागायचं होतं."

"वागले की. फार चांगले वागले." तिनं कुलूप पिशवीत ठेवलं. "एस्बेनचं काम बघितलंस? स्वच्छ आहे. मी शिकवलंय त्याला. त्याची मला काळजी नाही."

"मग कशाची आहे?"

"मला चुकायचं होतं गं, तुमच्यासारखं. आणि शिव्या खायच्या होत्या. एवढी चूक केली, आणि एक शिवी नाही. दोन तासांनी मरणाऱ्या माणसाला कोण शिव्या देतं?"

"मी दिली ना!"

"दिलीस. तू एकटीच." ती हेल्मेटचा पट्टा लावत होती, बोटं गारठली होती म्हणून तो लागत नव्हता. "तुला माहीत नव्हतं, म्हणून दिलीस."

 तिचं खरं होतं.

"आता माहीत झालंय," ती म्हणाली. पट्टा लागला. ती एक पाय पॅडलवर ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. "आता बोल बघू. काहीही बोल. मी रागावणार नाही."

माझी जीभ ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. मला म्हणता आलं असतं की बरी ब्याद चालली, आता बोळातून डोळे मिचकावल्याशिवाय जाता येईल. म्हणता आलं असतं की केक करपला होता. हे सगळं माझ्या मनात आलं, शब्दन् शब्द. ती थांबली होती. तिच्या पिकल्या भुवयांवर झिमझिम साठत होती आणि मला दिसत होतं की ती किती दमलेली आहे.

"रस्ता ओला आहे, बोडिल," मी म्हटलं. "सावकाश जा हं."

तिनं मनगटानं भुवयांवरचं पाणी पुसलं.

"हो," ती म्हणाली. मग तिनं सायकलचा दिवा लावला आणि निघाली, आणि मी सांगितलं होतं तशी, सावकाश.